बटरपेपरवरचा लोहगड

ओव्हाळभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉम्प्युटरच्या पडद्याला कागद चिकटवत होते. संध्याकाळचे सहा वाजले होते. माझा नोकरीचा पहिला दिवस. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पिशवीत डिप्लोमाचं प्रमाणपत्र. आणि समोर हा छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ, चष्मा कपाळावर, ओठांत चिकटपट्टीचे चार तुकडे, मॉनिटरवर बटरपेपर ताणून बसवतोय. मला वाटलं, काच फुटली असावी. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पडद्यावरची रेघ कागदावर गिरवायला घेतली. जीभ दाताखाली, श्वास बंद. देवळाचा कळस बसवतानाही माणसं एवढी गंभीर नसतात.

"काका, प्रिंटर आहे की," मी म्हणालो. पहिल्याच दिवशी अक्कल दाखवायची मला फार हौस.

"हाय ना," ते मान न वळवता म्हणाले. "छापलं की बघायचं ऱ्हातं. गिरवलं की बघावंच लागतं."

मी हसलो. पुढची दोन वर्षं हसतच होतो. नंतर हसू कुठे गेलं तेच सांगायला बसलोय.

आमची कंपनी म्हणजे लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावरचा एक मजला. तिथून मळवलीपासून बेडशापर्यंतचे बंगले, फार्महाऊस आणि वस्त्या यांना आम्ही इंटरनेट पुरवायचो. खालून गुळाचा वास इतका दाट यायचा की आमच्या सर्व्हरला मुंग्या लागत. एकदा अर्ध्या मावळचं नेट बंद पडलं, तेव्हा राउटर उघडला तर आत पाऊण किलो शेंगदाणे निघाले. खोटं वाटतं त्यांना वाटू द्या, मी ते शेंगदाणे खाल्ले आहेत.

खांबाखांबावर आमच्या पेट्या. प्रत्येक पेटीला आमचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी विचारायचं, 'बाई गं, किती आलं, किती गेलं?' आणि मिळालेल्या उत्तरांचा ग्राफ काढायचं. आत आलेलं हिरवं, बाहेर गेलेलं निळं. सगळ्यात वर आजचा ग्राफ, त्याखाली आठवड्याचा, मग महिन्याचा, तळाला वर्षाचा. कोण काय बघतं ते त्यात दिसत नाही, फक्त किती ते दिसतं. मीटरवरून किती पाणी वापरलं ते कळतं, अंघोळ कोणी केली ते नाही.

अर्थात हा नियम तुमच्या-आमच्यासाठी. ओव्हाळभाऊंना अंघोळही कळायची.

बेडशाच्या ह्या माणसाने उमेदीची वर्षं नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या खोलीत काढली होती. तिथे नकाशे बटरपेपरवर गिरवायचे. कारखान्यात कॉम्प्युटर आला, भाऊंचा बटरपेपर गेला. आणि भाऊ हट्टाने तोच बटरपेपर घेऊन कॉम्प्युटरच्याच छाताडावर येऊन बसले. रोज मुख्य लाइन आणि शिवाय आवडीच्या पाच-सहा लाइनी ते गिरवत, वहीत चिकटवत आणि खाली एका ओळीत शेरा लिहीत. आवडीच्या लाइनी! लोक गाणी आवडीची ठेवतात, म्हशी आवडीच्या ठेवतात. भाऊ लाइनी ठेवत.

ग्राफातल्या आकारांना त्यांनी नावं दिली होती. शनिवारी सकाळी पाहुणे बंगल्यांत शिरले की रेघ एकदम कड्यासारखी उभी राहायची, तो लोहगड. लाइन काठोकाठ भरली की माथा सपाट व्हायचा, तो विसापूर. रविवारी संध्याकाळी पाहुणे परत निघाले की रेघ लोहगडाच्या सोंडेसारखी लांब उतरत जायची, तो विंचूकाटा. गिऱ्हाइकाने फोनवर आरडाओरडा केला की भाऊ शांतपणे सांगायचे, "विसापूर झालाय सायेब, उतरायला दुपार व्हईल." गिऱ्हाइकाला वाटायचं, फोन ट्रेकिंगवाल्यांच्या ऑफिसात लागला. त्यातल्या दोघांनी तर किल्ल्यासाठी वाटाड्या आहे का म्हणून विचारलं.

एकदा वस्तीवरच्या एका घराची रेघ बघून भाऊ आमच्या लाइनमनला म्हणाले, "तुज्या सासूबाई आल्यात का रं?"

लाइनमनच्या हातातली शिडी पडली. "परवा आल्या. कोन बोललं तुमाला?"

"कोन बोलतंय. इतके दिस तुज्या घरची रेघ आठ वाजता उठायची, क्रिकेट लागलं की. परवापास्नं सात ते नऊ सलग डोंगर. मदी दम न्हाई, पानी प्यायला उठनं न्हाई. एवढ्या मालिका सासूच बगती."

खरंच होतं. त्या दिवसापासून लाइनमनने घरचं नेट वापरणं सोडलं. बेडशाच्या लेण्यात कोण किती वेळ डोळे मिटून बसलं हेही भाऊ ग्राफवरून सांगत असं मी लोकांना सांगत असे. लेण्यात आमची पेटी नाही, पण चांगली गोष्ट पेटीवाचून का अडावी?

भाऊंचं आणि माझं खरं भांडण महिन्याच्या ग्राफवरून. सॉफ्टवेअर पाच मिनिटांचे आकडे एक-दीड दिवस जपायचं. पुढे जागा वाचवायला आठवड्याच्या ग्राफात अर्ध्या तासाची सरासरी, महिन्याच्या ग्राफात दोन तासांची, वर्षाच्या ग्राफात आख्ख्या दिवसाची. मी म्हणायचो, "जुन्या आकड्यांचा एवढा तपशील लागतो कुणाला? सरासरी पुरे."

"लोहगडावर रोज रोलर फिरवा," भाऊ म्हणायचे, "वर्सानं तितं भाताचं खाचर व्हतंय का न्हाई बगा. मग सांगत बसा नातवाला, हितं किल्ला व्हता."

"भाऊ, ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे."

"आसंल. जगाला मळवली कुटं ठाव हाय?"

मी हेडफोन लावायचो.

आता 'निवांत'चं सांगतो. मळवलीला ह्या नावाचा एक बंगला होता. मालक मुंबईचे, इतके अस्वस्थ की बसल्या जागी त्यांच्या खुर्चीला घाम यायचा. आम्ही त्यांना निवांतवालेच म्हणत असू. बंगल्याची राखण सुलामावशी करायच्या. साठीच्या, एकट्या, मागच्या अंगाच्या एका खोलीत सोळा वर्षं राहणाऱ्या. मालक महिन्यातून एखाद्या शनिवारी येणार. बाकी बंगला म्हणजे मावशी आणि मावशी म्हणजे बंगला.

एका शनिवारी निवांतवाल्यांना कुंपणापाशी दारूची रिकामी बाटली सापडली. लोहगडाच्या वाटेवरचं कुंपण ते. तिथे बाटली सापडली नाही तर बातमी व्हावी. पण साहेबांनी ताडलं की आपल्या माघारी मावशी बंगला पार्ट्यांना देतात. त्यांनी मला फोन केला. "गेल्या महिन्यात माझ्या बंगल्यावर नेट वापरलं गेलं का, एवढंच लेखी द्या."

मी महिन्याचा ग्राफ उघडला. मालक नसताना ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बुटकं गवत उगवलेलं. मी तो छापला, खाली लिहिलं, 'वापर सलग आढळतो,' सही ठोकली आणि पाठवून दिला. लागली किती मिनिटं? तीन. त्यातलं एक मिनिट प्रिंटरला शिव्या देण्यात गेलं.

रविवारी सकाळी सुलामावशी आमच्या ऑफिसचा जिना चढून आल्या. पदर खोचलेला, हातात माझा कागद. साहेबांनी तो त्यांच्या अंगावर फेकला होता आणि संध्याकाळी मुंबईला निघण्याआधी खोली रिकामी करायला सांगितली होती.

"ग्राफ कोन काडतो हितं?" त्यांनी विचारलं.

मी मॉनिटरच्या मागे सरकलो. माझा देह आडवा आहे आणि मॉनिटर सतरा इंची, तेव्हा लपलं फार काही नसेल.

"सायेब म्हनत्यात ह्यात लिवलंय मी चोरी केली. माजं नाव कुटं लिवलंय ते दावा. मी सातवी शिकलीय. माजं नाव मला वाचता येतं."

भाऊंनी खुर्ची पुढे केली. "बसा मावशी. च्या घ्या." मग कागद घेतला, माझी सही बघितली, माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा चिक्कीचा आख्खा ट्रे डोक्यात घातला असता तर परवडलं असतं.

कपाटातून त्यांनी वही काढली. 'निवांत' ही त्यांच्या आवडीच्या लाइनींपैकी एक निघाली! रोजच्या बटरपेपरवर फक्त दोन उभे दात. एक सकाळी सात ते साडेसात, दुसरा संध्याकाळी पाच ते साडेपाच. मधे सारं सपाट. खाली शेरा: 'दोन दात. वेळेवर.' दुसऱ्या दिवशी: 'दोन दात. वेळेवर.' पान उलटा, तेच. माझ्या महिन्याच्या ग्राफात ह्याच दातांवर दोन-दोन तासांचा रोलर फिरून त्यांचं गवत झालं होतं.

"आन् समदं निळं हाय," भाऊ पडद्यावर निवांतचा आठवड्याचा ग्राफ उघडून म्हणाले. "पार्टीवाले आत वडत्यात, हिरवं वाडतं. हितं बाहीर चाललंय. काय वो इंजिनेर सायेब, हिरवं-निळं एकात कालवलं व्हय तुमी?"

कालवलं होतं. बेरीज एकच आकडा देते, आणि मला एकच आकडा आवडतो.

भाऊंनी एका पानावर बोट ठेवलं. लागोपाठ दोन दिवस दात नव्हते. "मावशी, अमावस्येच्या म्होरल्या दोन दिसांत कुटं गेलता?"

मावशींनी बोटं मोजली. "लेकीकडं, उंबऱ्याला. तिला मुलगी झाली ना."

"म्हंजी तुमी गावाला गेला की पार्टीवालेबी गावाला जात्यात!" भाऊंनी माझा छापील कागद उजेडाला धरला. तो दोन दिवसांचा खड्डा माझ्याही ग्राफात होता. अगदी नीट, काळ्यावर पांढरा. मी छापला होता, सही केली होती, फक्त बघितला नव्हता.

"सकाळी सातला तुमी काय करता, मावशी?"

"आंगन झाडते. सांजच्याला परत झाडते, झाडांची पानं लय पडत्यात."

"आन् बाहीर जान्यासारखं घरात काय हाय?"

"काय नाय बाबा. दिवाळीनंतर सायेबांनी चार क्यामेरे लावलेत आंगनात. मी हालले की त्यांचा लाल दिवा लागतो."

भाऊंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. हे ते वर्षातून दोनदाच करत.

चार वाजता निवांतवाले आले. त्यांना त्या कागदावर कंपनीचा शिक्का हवा होता, म्हणजे मावशींना पुढे कुठल्याच बंगल्यावर कोणी ठेवलं नसतं. आमचे शेठ शिक्का शोधायलाही लागले होते. मावशी तोवर मळवलीला परतल्या होत्या. बोचकं बांधून पायरीवर बसल्या होत्या.

"सायेब, शिक्का मारू," भाऊ म्हणाले. "पाच मिंटं बसा फकस्त. न्हाई, पंदरा धरा." आणि फोन लावून स्पीकरवर टाकला. "मावशी, झाडू घ्या. झाडाया लागा. मी सांगंन तवा थांबा."

आमच्या सॉफ्टवेअरची गंमत अशी की ते पाच मिनिटांनी एकदाच तोंड उघडतं. तेव्हा लोणावळ्यात एक बंगलेवाला, एक शेठ, एक इंजिनिअर आणि एक ओव्हाळ असे चौघे पडद्याकडे टक लावून बसलेले, आणि फोनमधून खराटा. खर्र, खर्र. एवढ्या शांततेत मी उभ्या आयुष्यात कुणाचं झाडणं ऐकलं नव्हतं. पाच मिनिटं. ठिपका सरकला आणि निळी रेघ ताडकन उभी राहिली.

"थांबा मावशी."

पुन्हा पाच मिनिटं. रेघ भुईसपाट.

"झाडा मावशी."

रेघ उभी. निवांतवाल्यांच्या खुर्चीला पाझर फुटला. फोनमधून धापा टाकत आवाज आला, "भाऊ, आजून झाडू का? आंगन संपलं."

"बास मावशी, लय झालं." भाऊ साहेबांकडे वळले. "हा बगा तुमच्या पार्टीचा ग्राफ. पाव्हनी एकच हाय, आन् तीबी झाडू घिऊन येती. ती हालली की तुमचे क्यामेरे तिचा पिच्चर काडून तुमाला धाडत्यात. तुमी तो बगितला न्हाई व्हय?"

"रोज शंभर-शंभर क्लिप येतात हो," साहेब म्हणाले. "एवढा वेळ कुणाला आहे? मी नोटिफिकेशन बंद करून ठेवलेत."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. बाईच्या मागे चार डोळे लावले, त्यांनी रोज दोनदा साक्ष दिली की बाई झाडते आहे, फक्त झाडते आहे. आणि ती साक्ष ऐकायला वेळ नाही म्हणून साक्षीच्याच ओझ्यावरून बाईला चोर ठरवलं. आणि त्यावर माझी सही.

आता तुम्ही म्हणाल, साहेब ओशाळले असतील. छे! ओशाळायलाही वेळ लागतो. ते उठले आणि म्हणाले, "म्हणजे कॅमेऱ्याची सेन्सिटिव्हिटी कमी करायला हवी. तुमचा माणूस पाठवा. आणि तिला सांगा, राहू दे म्हणावं." शेठनी मान डोलावली. मीही डोलावली. स्प्रिंगवरच्या बाहुल्याची मानसुद्धा इतकी एकसारखी डोलत नाही.

साहेब गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "चला."

"कुठे?"

"मळवलीला. तुमची सही हाय ना? मंग तोंडबी तुमीच दावा."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेलो. वाटेत माफीचं भाषण तयार केलं. प्रस्तावना, तांत्रिक कारणं, समारोप. मावशी पायरीवर बोचकं सोडत होत्या. मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं," आणि बाकीचं भाषण स्कूटरवरच राहिलं.

"व्हय, चुकलं," मावशी म्हणाल्या. त्यांनी मला पाणी दिलं. बोलल्या मात्र भाऊंशी. वही मांडीवर घेऊन त्या पेन्सिलीच्या दातांवरून बोट फिरवत होत्या.

"ह्यो मीच?"

"व्हय. ही सकाळ, ही सांज."

"आन् हितं काय न्हाई?"

"हितं तुमी लेकीकडं गेलता."

"म्हंजी नात झाली ते दिसबी हायत ह्यात." भाऊंनी ती दोन पानं वहीतून अलगद सोडवून त्यांच्या हातात दिली. वहीचं पान काढून देताना मी ह्या माणसाला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

सुलामावशी पुढे महिनाभर निवांतवर राहिल्या. मग एके दिवशी बंगल्याची किल्ली आमच्या ऑफिसात आणून दिली. निवांतच्याच मागच्या गल्लीत एक रिटायर झालेल्या शिक्षिका कायमच्या राहायला आल्या होत्या. त्यांच्या घरी खोली आणि काम दोन्ही मिळालं होतं. "सायेबांना पोचवा," मावशी म्हणाल्या. "आन् सांगा, झाडू क्यामेऱ्याम्होरं उभा करून ठिवलाय. क्यामेरा इतके दिस बगतोय, त्याला पाठ झालं असंल. त्यालाच सांगा झाडाया."

किल्ली आम्ही पोचवली. निरोप पोचवायची शेठची छाती झाली नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी ओव्हाळभाऊ रिटायर झाले. त्याच महिन्यात शेठनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात ग्राफ चकचकीत, हलणारे, आणि इतिहास फक्त तीस दिवसांचा. "जुनं कोण बघतं?" शेठ म्हणाले. निरोपसमारंभाला खालच्या दुकानातून तुटकी चिक्की आणली होती. शेठनी वीस मिनिटं भाषण केलं, त्यात भाऊंचं नाव दोनदा चुकलं. भाऊंनी भाषणाच्या बदली वह्यांचं कपाट उघडून दाखवलं आणि किल्ली माझ्यापुढे ठेवली. "रोलरवाल्याच्या हातात किल्ला देतोय," म्हणाले. सगळे हसले. मीही.

एवढ्यात फोन वाजला. पलीकडे निवांतवाले. आवाज इतका मोठा की स्पीकर लावायची गरज नव्हती. "आज सहज उघडून बघितलं, तर तीन आठवडे झाले! कॅमेऱ्याची एक क्लिप नाही आली. तुमचं नेट बंद आहे, आणि तुम्हाला पत्ता नाही!"

फोन मी घेणार होतो. भाऊंनी माझ्या हातातून घेतला. जुन्या पडद्यावर निवांतचा ग्राफ उघडला. आजचा सपाट, आठवड्याचा सपाट.

"नेट चालू हाय सायेब," ते म्हणाले. "मावशी बंद हाय."

आणि फोन ठेवला.

सहा वाजले होते. भाऊंनी चिकटपट्टीचे चार तुकडे तोडून ओठांत धरले, बटरपेपर ताणला, कानामागची पेन्सिल काढली आणि शेवटचा ग्राफ गिरवायला बसले. निवांतचा. त्यात गिरवण्यासारखं काहीच नव्हतं, नुसती एक आडवी रेघ. तरी ते बोटभर रेघ काढायचे, थांबायचे, पुन्हा बोटभर. चिक्की संपली, शेठ गेले. शेवटी मी ड्रॉवरमधून फूटपट्टी काढून पुढे केली.

"पट्टी नगं," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "हितं मानूस व्हतं."